तेलाचा डबा आणि सोयाबीनचं पोतं

इंदूरच्या रामबागेत आमचं घर आहे. रविवारी सकाळी तिथे पोहे होतात, आणि पोह्यांबरोबर राजकारणही होतं. मागे एका रविवारी आत्या सियागंजातून तेलाचा पंधरा किलोचा डबा घेऊन आली, ती तणतणतच. "बाहेरून येणाऱ्या तेलावर सरकार एवढा कर लावतंच कशाला? काढून टाका म्हणावं." सांवेरकडे पाच एकर शेती असलेला माझा मावसभाऊ त्या दिवशी आला होता. त्याने ताटली खाली ठेवली. "आत्या, कर काढा तुम्ही. मग पुढच्या वर्षी सोयाबीन कोण पेरतं ते बघू."

घरातले दोन्ही काका लगेच आपापल्या पक्षाच्या बाजूने उतरले. थोरल्यांच्या मते शेतकऱ्याला वाचवलं ते आत्ताच्या सरकारने. धाकट्यांच्या मते शेतकऱ्याला बुडवलं तेही ह्याच सरकारने. तासाभराने माझ्या लक्षात आलं की वाद एका कराबद्दल चाललाय, पण तो कर लागतो कसा, त्यातून कुणाच्या खिशात किती जातं, हे चौघांपैकी कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. म्हणून मी तो हिशोब मांडून बघितला. कर, नोकऱ्या आणि परदेशी व्यापार यांवरून पक्षापक्षांत चालणारी भांडणं समजून घ्यायला आपल्या माळव्यात तेलाच्या डब्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही, असं मला आता वाटतं.

हा कर आहे तरी काय?

परदेशातून माल बंदरावर उतरला की सरकार त्यावर जो कर घेतं तो आयात शुल्क. त्याची कामं दोन. एक, खजिन्यात पैसा आणणं. दुसरं, बाहेरचा माल थोडा महाग करून इथल्या मालाला बाजारात उभं राहू देणं.

आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. वर्षाला साधारण १६० लाख टन. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून. म्हणजे आमच्या 'छप्पन दुकान' ह्या खाऊगल्लीत कढईत शेव पडते तेव्हा त्या कढईतल्या तेलाचा भाव ठरवण्यात जकार्ता आणि ब्युनोस आयर्सचाही वाटा असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेला. मे २०२५ च्या अखेरीस तो १६.५ टक्क्यांवर आणला. हे विचित्र दशांश येतात कुठून? मूळ शुल्क २० टक्के. त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ टक्के. झाले २५. आणि त्या पंचविसाचा दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार, म्हणजे अडीच. एकूण साडेसत्तावीस. मूळ शुल्क १० केलं की तोच हिशोब साडेसोळावर येतो.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळतो, पण उपकर आणि अधिभार त्या वाटपात येत नाहीत. ते सगळे केंद्राकडेच राहतात. त्यामुळे 'कर किती' ह्या भांडणाच्या आत 'कर कुणाचा' हे दुसरं भांडण असतं, आणि ज्या राज्यात केंद्रापेक्षा वेगळा पक्ष सत्तेवर असतो तिथे ते जास्त ऐकू येतं.

अकरा रुपयांचा हिशोब

समजा, कच्चं तेल बंदरावर शंभर रुपये किलोने उतरलं. खरा भाव रोज हलतो, शंभर मी सोयीसाठी धरलेत. साडेसत्तावीस टक्के कर असेल तर ते १२७ रुपये ५० पैसे होतं. साडेसोळा टक्के असेल तर ११६ रुपये ५० पैसे. फरक अकरा रुपये किलो. आता हे अकरा रुपये कुणाकडून कुणाकडे जातात ते बघू.

आपल्याकडे माणशी वर्षाला सुमारे वीस किलो तेल लागतं. त्यात घरातल्या तेलाबरोबर हॉटेलातलं, फरसाणातलंही आलं. चार माणसांच्या घराला ऐंशी किलो. अकरा रुपयांनी ८८० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ७३. आत्याच्या घराला हे जाणवतं, पण झेपतं. तिच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या घरात ह्याच ७३ रुपयांचं वजन वेगळं असतं, कारण उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो.

आता मावसभाऊ. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं. तेलाचा भाव किलोमागे अकरा रुपयांनी वाढला आणि गिरणीवाल्याने ती सगळी वाढ शेतकऱ्यापर्यंत पोचवली, तर क्विंटलमागे १९८ रुपये जास्त मिळायला हवेत. देशात हेक्टरी सरासरी दहा क्विंटलच्या आसपास सोयाबीन होतं. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, वीस क्विंटल. झाले जवळपास चार हजार रुपये. त्याच्याही घरात तेल लागतंच, त्याचे ८८० वजा करा. तरी तीन हजारांवर उरतात.

आणि तिसरी बाजू, जिचं नाव आमच्या घरातल्या वादात कुणीच घेतलं नाही. १६० लाख टन आयातीवर किलोला अकरा रुपये म्हणजे ढोबळमानाने साडेसतरा हजार कोटी रुपये केंद्राच्या खजिन्यात.

म्हणजे फायदा थोड्या लोकांना, पण एकरकमी आणि डोळ्यांत भरेल इतका. तोटा सगळ्यांना, पण महिन्याला पाऊणशे रुपयांच्या आत. ज्याचे चार हजार अडकलेत तो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतो. महिन्याला ७३ रुपये जास्त देणारा रस्त्यावर येत नाही, पण मतदानाच्या दिवशी ते त्याच्या लक्षात असतं. प्रत्येक पक्ष ह्या दोघांच्या मध्ये उभा असतो, मग त्याचा झेंडा कुठलाही असो.

पोत्यात तेल थोडं, पेंड जास्त

वरच्या हिशोबावर छावणीच्या मंडीतला कुठलाही व्यापारी नकारार्थी मान हलवेल. (आमच्याकडे बाजार समितीला सगळे मंडीच म्हणतात.) तो म्हणेल, तेलाचं सांगितलंत, डीओसीचं काय? डीओसी म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड. शंभर किलो सोयाबीनमधले ऐंशीच्या वर किलो म्हणजे ही पेंडच. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात ती जाते. पोत्याच्या किमतीतला निम्म्याच्या आसपास भाग तिच्यातूनच येतो.

गेल्या काही वर्षांत मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल करण्याचे कारखाने वाढले. त्यातून उरणारा सुका चोथा, व्यापारी ज्याला डीडीजीएस म्हणतात, तोही कोंबड्यांच्या खाद्यात चालतो आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाचा सोयाबीनशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण त्या चोथ्याने पेंडीचं गिऱ्हाईक घेतलं, पेंडीचा भाव पडला, आणि तेलावर कर वाढवूनही सोयाबीनला जेवढी उचल मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशभरातली संघटना, 'सोपा', इंदूरचीच. ह्या चोथ्याबद्दलची तक्रार ती जाहीरपणे करत आली आहे.

म्हणून 'आम्ही कर वाढवला, शेतकऱ्याचं भलं झालं' हे वाक्य अर्धंच खरं असतं. 'कर वाढवला म्हणून तेल महागलं' हेही अर्धंच, कारण परदेशातला भाव त्याच वेळी चढत असेल तर दोष नुसत्या कराचा नसतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पाठोपाठ इंडोनेशियाने काही आठवडे पाम तेलाची निर्यातच थांबवली, तेव्हा इथला कर कमी असतानाही डबा महागला होता.

खुर्ची बदलली की बाजू बदलते

थोरल्या आणि धाकट्या काकांना मी जुन्या गोष्टी काढून दाखवल्या तेव्हा दोघंही थोडा वेळ गप्प बसले.

१९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. पुढच्याच वर्षी सोयाबीन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र इंदुरात आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, ६५ टक्के कर लावून. तो कर चार वर्षांत १५ टक्क्यांवर आला. त्या चार वर्षांत दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं, संयुक्त आघाडीचं होतं आणि भाजपचंही आलं. कर खाली आणण्याचं काम रंग बदलले तरी चालू राहिलं, कारण स्वस्त तेल सगळ्यांनाच हवं होतं.

२००८ मध्ये जगभर तेल भडकलं, तेव्हा काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्यावर आणलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेल भडकलं, तेव्हा भाजपच्या सरकारने मूळ शुल्क शून्य केलं. दोन्ही वेळा शेतकऱ्यांच्या बाजूने आवाज उठवायचं काम विरोधकांकडे आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं, तेव्हा मध्य प्रदेशात शेतकरी आणि त्यांच्यासोबत काँग्रेस क्विंटलला ६,००० रुपये मागत रस्त्यावर होती.

नुसत्या तेलातच हे होतं असं नाही. जीएसटीचं विधेयक काँग्रेसने २०११ मध्ये आणलं, तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध होता मध्य प्रदेश आणि गुजरातच्या भाजप सरकारांचा. २०१७ मध्ये भाजपने जीएसटी लागू केला आणि काँग्रेस त्याच्या दरांवर टीका करू लागली. बाजार समितीचा कायदा रद्द करू असं काँग्रेसच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात होतं. २०२० चे तीन कृषी कायदे आले तेव्हा तोच पक्ष त्यांच्या विरोधात उभा राहिला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये भाजपने ते कायदे मागे घेतले.

"म्हणजे सगळे सारखेच," असं आत्या म्हणाली. मला तसं वाटत नाही. सत्तेत असलेल्याला महागाईचा आकडा रोज दिसतो, विरोधात असलेल्याला मंडीतला शेतकरी रोज भेटतो. दोघं एकाच वस्तूच्या दोन बाजू बघत असतात. शिवाय खरे फरकही आहेत. काँग्रेसने २०२४ मध्ये हमीभावाला कायद्याची हमी देण्याचं आश्वासन दिलं. भाजपचा भर २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात थेट टाकण्यावर आहे. एका विचारात सरकार भावाची जबाबदारी घेतं. दुसऱ्यात भाव बाजारावर सोडून आधार वेगळा दिला जातो. ह्यावर मतभेद असणं चांगलंच आहे, आणि मतदाराने त्यातली एक बाजू घेणंही.

"मग कर पन्नास टक्के करून टाका ना!"

हा मावसभावाचा प्रश्न. मनापासून विचारलेला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली अडचण, जागतिक व्यापार संघटनेत आपण शब्द दिलाय की सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांच्या वर शुल्क लावणार नाही. पाम तेलावर ही मर्यादा ३०० टक्के आहे, पण दोन तेलांमध्ये फार अंतर ठेवलं तर आयातदार एक सोडून दुसरं आणतात.

दुसरी अडचण नेपाळ. नेपाळमधून येणाऱ्या मालाला करारानुसार शुल्कात सूट आहे. आपण इथे कर वाढवला की बाहेरचं कच्चं तेल नेपाळात उतरतं, तिथे शुद्ध होतं आणि शुल्काशिवाय आपल्याकडे येतं. सोयाबीन जिथे नावापुरतं पिकतं त्या देशातून शुद्ध सोयाबीन तेल येतं, ते असं. कुंपण जेवढं उंच, तेवढी खालून भोक पाडण्याची कमाई जास्त.

आणि तिसरी, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. आपल्याला लागतं तेवढं तेल आज आपल्या शेतात होतच नाही. दहा क्विंटलच्या उत्पादनावर नुसता कर वाढवून ते होणारही नाही. त्याला बियाणं लागतं, पाणी लागतं, आणि भाव टिकेल अशी खात्री लागते.

नोकऱ्या कुठे येतात ह्यात?

बाहेरून तेल दोन रूपांत येतं, कच्चं आणि शुद्ध केलेलं. शुद्ध तेलावरचा कर ३५.७५ टक्के आहे. सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या आणि शुद्ध तेलातला फरक फक्त सव्वाआठ टक्के होता, त्यामुळे तयार पामोलिन आणणं परवडायचं आणि इथल्या रिफायनऱ्या रिकाम्या बसायच्या. मे २०२५ मध्ये कच्च्यावरचा कर उतरवला तेव्हा तो फरक सव्वाएकोणीस टक्के झाला. म्हणजे त्या एका निर्णयात आत्याला थोडं स्वस्त तेल मिळालं, रिफायनरीतल्या कामगाराला काम मिळालं, आणि मावसभावाच्या सोयाबीनचा आधार गेला. सरकारने हे चांगलं केलं की वाईट, हे तुम्ही ह्या तिघांपैकी कुणाच्या जागी बसता त्यावर ठरतं.

इंदुरात हे कुणाला फार समजवावं लागू नये. धाकटे काका हुकुमचंद मिलच्या कामगारांमध्ये वाढले. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम झाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. त्या तीस वर्षांत पिथमपूरला नवे कारखाने आले, हजारोंना काम मिळालं. पण ज्यांची मिल गेली आणि ज्यांना पिथमपूर मिळालं ती माणसं एकच नव्हती. 'एकूण नोकऱ्या वाढल्या' असा आकडा कुठलाही पक्ष सांगू दे, काका पहिलं हे विचारतात की कुणाच्या. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो.

"थेट पैसे द्या आणि तेल स्वस्त ठेवा"

हा आत्याचा तोडगा, आणि तो वाईट नाही. मध्य प्रदेशाने तो करूनही पाहिलाय. भावांतर योजनेत शेतकरी आपलं सोयाबीन मंडीत मिळेल त्या भावाला विकतो, आणि हमीभाव व सरकारने काढलेला सरासरी बाजारभाव यांतला फरक सरकार त्याच्या खात्यात भरतं. २०१७ मध्ये ही योजना आली, २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी पुन्हा आली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता.

तेल स्वस्त राहतं, शेतकऱ्यालाही भरपाई मिळते. मग अडतं कुठे? २०१७ मध्ये तक्रार अशी होती की फरक सरकार देणारच हे माहीत असल्यामुळे व्यापारी भाव पाडून मागतात. आणि भरपाई सरासरी भावावर मिळते, प्रत्यक्ष मिळालेल्या भावावर नाही. ज्याचा माल ओला म्हणून सरासरीपेक्षा पाचशे रुपये कमी भावाने गेला, त्याचे ते पाचशे गेलेच. तरीही मला वाटतं की तेलावर कर लावून सगळ्यांकडून वसूल करण्यापेक्षा हा रस्ता जास्त प्रामाणिक आहे, कारण शेतकऱ्यासाठी किती खर्च झाला हे अर्थसंकल्पात लिहिलेलं दिसतं. कराच्या रूपाने आत्या देते ती मदत कुठेच लिहिलेली नसते.

तारीख

एवढं सगळं मांडल्यावर मला ज्याचा खरोखर राग आला ती गोष्ट कराच्या टक्क्यांची नव्हती, तारखांची होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. ते बघून लोकांनी आशेने पीक सांभाळलं. त्याच महिन्यात सरकारने १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि ऑक्टोबरमध्ये, नवं पीक मंडीत येत असताना, तेलावरचं शुल्क उतरवलं. २०२४ मध्ये कर वाढला तो सप्टेंबरच्या मध्यावर, तीन महिने आधी पेरलेलं पीक काढणीला आलं तेव्हा. २०२५ मध्ये उतरला तो मेच्या शेवटी, बियाण्याची पोती घरात येऊन पडली तेव्हा.

सोयाबीन पेरायचं की मका, हे शेतकरी मृगाच्या आधी ठरवतो. एकदा पेरलं की शंभर दिवस त्याच्या हातात काही नसतं. कर १६.५ असो की २७.५, तो मेच्या सुरुवातीला सांगितला आणि दिवाळीपर्यंत हलवला नाही, तर मावसभाऊ त्याप्रमाणे ठरवू शकेल आणि आत्याही दिवाळीच्या फराळाचा हिशोब करू शकेल. परदेशात भाव अचानक भडकले तर काय, असं थोरले काका विचारतात. त्यासाठी किती भाव चढला की कर किती उतरेल हे आधीच लिहून ठेवता येतं. हे करायला पैसाही लागत नाही, म्हणून कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात ते का नसावं हे मला कळत नाही.

परवा मावसभावाचा फोन आला होता. ह्या वर्षी तीन एकर मका आणि दोन एकर सोयाबीन करावं का, असं विचारत होता. मी त्याला पेंडीचं सांगितलं, मक्याच्या चोथ्याचं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "ते ठीक आहे. पण सप्टेंबरात कर किती असेल, ते सांग." आत्या शेजारीच बसली होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला म्हणाली, "अरे, तेच तर मलाही कुणी सांगत नाही."